राजीनामा लिहून द्या, मग बघू

गेल्या तीन महिन्यांत टपालाने, व्हॉट्सॲपवर आणि सोलापूरच्या मंडईत भाजी घेताना अडवून जे प्रश्न विचारले गेले, त्यातले निम्मे एकच आहेत. काम कमी झालंय, पगार कापलाय, मालक म्हणतो तिथे सही करू का? पुन्हा पुन्हा तेच सांगण्यापेक्षा निवडक प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र देते. नावं अर्थातच गाळली आहेत. आणि इथलं उत्तर वाचून कुणी तावातावाने मालकाच्या केबिनमध्ये शिरू नये. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत.

टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहे. अमेरिकेने कर वाढवल्यापासून ऑर्डर नाही, असं सांगून मालकाने नगामागची मजुरी कमी केली. असं करता येतं का? (अक्कलकोट रोड)

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेलं आणि निर्यातीच्या टॉवेलला त्याचा फटका बसला, हे खरं. पण तुमच्या कारखान्याचा माल अमेरिकेला जातो का? हे कुत्सितपणे विचारत नाही. ज्यांचा टॉवेल आयुष्यात हैदराबादच्या पुढे गेला नाही, तेही हल्ली अमेरिकेचं नाव सांगून मजुरी कापतात.

आता कायद्याचं. मजुरी नगावर असो, मीटरवर असो की महिन्याची, यंत्रमागाला सरकारने ठरवलेल्या किमान वेतनाच्या खाली ती जाऊ शकत नाही. ऑर्डर नाही, तोटा आहे, बाजार पडलाय, ही कारणं इथे चालत नाहीत. ‘कमी पगारावर काम करायला मी राजी आहे’ असं तुम्ही लिहून दिलंत तरी त्या कागदाला किंमत नाही. किमान वेतनाच्या वर जे मिळत होतं ते कमी करायचं असेल, तर औद्योगिक कामगारांच्या बाबतीत आधी 21 दिवसांची नोटीस द्यावी लागते. शनिवारी हिशोबाच्या वेळी तोंडी सांगणं म्हणजे नोटीस नव्हे.

किमान वेतनाचा आकडा शेजारच्या माणसाला विचारू नका. त्यात मूळ दर आणि विशेष भत्ता असे दोन भाग असतात, आणि भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. तुमची कामाची प्रतवारी आणि परिमंडळ (दरासाठी पाडलेला तुमचा भाग) सांगून सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून चालू दर घ्या, मग माझ्याकडे या.

विडीवरचा जीएसटी कमी झाला असं ऐकलं. मग हजारी (हजार विड्यांमागची) मजुरी वाढणार का? (विडी घरकुल)

नाही. कर 28 वरून 18 टक्क्यांवर आणायचं सप्टेंबर 2025 मध्ये ठरलं आणि फेब्रुवारी 2026 पासून ते लागू झालं, पण मजुरीची अधिसूचना वेगळी असते.

सरकार म्हणतं बेकारी तीन टक्के. माझा मुलगा बीकॉम होऊन दोन वर्षं घरी आहे आणि त्याचे सगळे मित्रही. मग खोटं कोण बोलतंय? (शेळगी)

कुणीच नाही, पण आकडा कशाचा आहे ते बघायला हवं. 2023-24 च्या सरकारी श्रमबल पाहणीत 15 वर्षांवरच्या सगळ्यांचा बेकारीचा दर 3.2 टक्के होता. त्याच पाहणीत 15 ते 29 वयोगटाचा दर 10.2 टक्के होता. तुमचा मुलगा या दुसऱ्या आकड्यात बसतो. शिवाय घरच्या दुकानात किंवा मागावर बिनपगारी हातभार लावणाराही त्या मोजणीत ‘रोजगारात’ धरला जातो. तुमचा मुलगा मामाच्या किराणा दुकानात संध्याकाळी बसत असेल, तर कदाचित तो बेकार नाहीच!

मला त्याहून महत्त्वाचा आकडा दुसरा वाटतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2024 च्या भारतविषयक अहवालात महागाई वजा करून पगार मोजले आहेत. कायम पगारी माणसाची सरासरी कमाई 2012 मध्ये महिना 12,100 रुपये होती. ती 2022 मध्ये, 2012 च्याच भावांत, 10,925 झाली. म्हणजे पाकीट फुगलं, पण त्यात पूर्वीएवढं तेल-ज्वारी येत नाही. ‘पगार तर दरवर्षी वाढतोय की’ म्हणणाऱ्या सासऱ्यांना हे दाखवा.

मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत अकरा महिने काढले. ऑफिसातले साहेब म्हणतात, कायम करतील. थांबू का? (होटगी रोड)

थांबू नका. ते प्रशिक्षण होतं. प्रमाणपत्र घ्या आणि अर्ज करायला लागा.

अकरा वर्षं एकाच कारखान्यात आहे, पगार 14,000. मालक म्हणतो, ‘मंदी आहे, आत्ता राजीनामा लिहून दे, 25,000 देतो, दिवाळीनंतर परत घेतो.’ माणूस चांगला आहे. सही करू का? (अशोक चौक)

नाही, नाही आणि नाही. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण या एका कागदापायी मी जितकी माणसं बुडताना पाहिली, तितकी मंदीनेही बुडाली नसतील.

तो कागद मला तोंडपाठ आहे. ‘मी माझ्या घरगुती अडचणींमुळे, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय कामाचा राजीनामा देत आहे. माझा सर्व हिशोब मिळाला असून माझे काहीही येणे बाकी नाही.’ नाव आणि तारीख कोरी. पाच वेगवेगळ्या कारखान्यांतली पाच माणसं पाच कागद घेऊन आली, आणि पाचही कागदांत ‘अडचणींमुळे’ हा शब्द एकाच पद्धतीने चुकलेला होता. झेरॉक्सची झेरॉक्स. एवढ्या मोठ्या शहरात सगळ्यांच्या घरगुती अडचणी एकाच टायपिंगवाल्याला कशा कळतात?

आता तुमचा हिशोब मांडू. काम नाही म्हणून मालकाने काढलं, तर ती कामगार कपात. त्यात एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, म्हणजे 14,000. वर प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई, ढोबळमानाने 77,000. ग्रॅच्युइटी वेगळी: 14,000 ला 26 ने भागा, 15 ने गुणा, मग 11 ने गुणा. साधारण 88,800 येतात. बेरीज पावणेदोन लाखांच्या पुढे जाते. तुमच्या पगारात कुठले भत्ते धरायचे आणि कुठले नाही, यावर आकडा इकडेतिकडे होईल, म्हणून तो कागदावर तपासूनच घ्यायचा. पण 25,000 कुठे आणि हे कुठे!

स्वखुशीने राजीनामा दिलात की नोटीस आणि भरपाई गेली. ग्रॅच्युइटी पाच वर्षं झाल्यावर राजीनाम्यातही मिळते, पण ‘येणे बाकी नाही’वर सही करून तुम्ही तिच्यासाठीही भांडण ओढवून घेता. आणि दिवाळीनंतर समजा खरंच परत घेतलं, तर ते नवीन माणूस म्हणून. अकरा वर्षं पुसली. पुढच्या वेळी कपात झाली की ‘शेवटी आलेला आधी बाहेर’ या नियमात पहिला नंबर तुमचा.

‘माणूस चांगला आहे’ हे मला पटतं. मालकही कर्जात असतो, सुताचा भाव त्याच्या हातात नसतो. पण चांगल्या माणसाला खरं कारण लिहायला काय हरकत आहे? ‘काम नसल्याने कमी करत आहोत, काम आल्यावर आधी बोलावू’ असं पत्र द्यायला सांगा. कपात झालेल्यांना नव्या भरतीत आधी संधी द्यावी, असं कायदाही म्हणतो. मालकाने पत्र दिलं तर तो खरंच चांगला. आढेवेढे घेतले तर तुम्हाला उत्तर मिळालं.

माझे वडील इथल्या एका गिरणीत विणकामावर होते. नाव घेत नाही. गिरणी चाचपडायला लागली तेव्हा ‘थकबाकीच्या यादीसाठी’ म्हणून सगळ्यांकडून कोऱ्या कागदावर सही घेतली. वडिलांची सही सुरेख होती, मोडी वळणाची. ती सही मी पुढे एका फाइलमध्ये पाहिली, ज्या मजकुराखाली होती तो वडिलांनी कधी वाचलाच नव्हता. तेव्हापासून कुणी ‘फक्त सही तर करायचीय’ म्हटलं की माझं डोकं फिरतं.

सही होऊन गेली असेल तर? गप्प बसू नका. आठ-पंधरा दिवसांत ‘माझ्याकडून दबावाने सही घेतली, मी कामावर यायला तयार आहे’ असं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. दुसऱ्या दिवशी गेटवर जा, हजेरी नाकारली तर कुणाच्या समोर ते टिपून ठेवा. पैसे घेतले असतील तर ते ‘हिशोबापोटी अंशतः’ असं पत्रात लिहा. आणि हे पत्र स्वतःच्या डोक्याने लिहिण्याआधी वकील किंवा युनियनला दाखवा. एका चुकीच्या वाक्याने केस उलटते.

आमच्या शेडमध्ये चाळीस माणसं आहेत, पण पीएफ नाही. मालक म्हणतो, प्रत्येक फर्ममध्ये दहाच आहेत. (एमआयडीसी)

एका पत्र्याखाली चार पाट्या: एक मालकाची, एक बायकोची, एक भावाची आणि एक बहुधा वारलेल्या वडिलांची. पीएफला वीस माणसं लागतात, म्हणून हा खेळ. वीज मीटर, जॉबर (मुकादम), गेट आणि पगार वाटणारा माणूस एकच असेल, तर चारी फर्म मिळून एक आस्थापना ठरू शकते. पीएफ कार्यालयात तक्रार करता येते. एकट्याने करू नका, पाच-सहा जण मिळून या.

नोकरी गेली. पीएफ काढून देणारा दहा टक्के मागतो, म्हणतो साहेबांना द्यावे लागतात. (साखर पेठ)

तो त्याच्या खिशात घालतो. यूएएन (पीएफचा तुमचा कायमचा नंबर) चालू असेल, आधार आणि बँक खातं जोडलेलं असेल, तर अर्ज मोबाइलवरून फुकट होतो. नावात किंवा जन्मतारखेत फरक असेल (तुमच्यापैकी निम्म्यांच्या असतो, शाळेत एक आणि आधारवर एक), तर तो आधी दुरुस्त करा.

पण काढायचा का, हा खरा प्रश्न आहे. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. साडेआठ वर्षं झालेला माणूस एजंटच्या नादाने पेन्शनचाही पैसा काढून घेतो आणि पुन्हा शून्यावर येतो. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घेतलं तर पुढच्या नोकरीत ती वर्षं जोडली जातात. एजंट हे सांगणार नाही, कारण सर्टिफिकेटावर दहा टक्के मिळत नाहीत. पैसे काढण्याचे नियम अलीकडे बदलले आहेत, म्हणून पासबुक घेऊन पीएफ कार्यालयात जाऊन विचारा, मगच बटण दाबा.

मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर. पुण्यात 18,000 ची कंत्राटी नोकरी आहे. एजन्सी 15,000 डिपॉझिट आणि मूळ मार्कशीट मागते. पाठवू का? (जुळे सोलापूर)

डिपॉझिट देऊ नका. मूळ मार्कशीट दाखवायची आणि परत पिशवीत घालायची, ठेवायची नाही. एवढ्यावर एजन्सीने फोन उचलणं बंद केलं, तर पंधरा हजार वाचले समजा.

नोकरी खरी असेल तर मग हिशोब करा. कपात जाऊन हातात सोळा येतील. कॉट बेसिसवर जागा, मेस, बस आणि महिन्यातून एकदा हुतात्मा एक्सप्रेसने घरी, एवढ्यात बारा जातात. उरलेल्या चारसाठी जावं का? माझं मत, जावं. दोन वर्षं घरी बसलेल्याला अनुभवाचं पत्र लागतं. पण नियुक्तीपत्र कुणाच्या नावाचं आहे, कंपनीच्या की ठेकेदाराच्या, ते बघा. नव्या कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून आल्यात, त्यात नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे. पत्रात ‘बाँड’ शब्द दिसला तर सहीआधी मला दाखवा.

मालकाकडून 40,000 उचल घेतली. आता दुसरीकडे जास्त मजुरी मिळतेय, तर जाऊ देत नाही. आधार कार्डही ठेवून घेतलंय. (कुंभारी)

आधार कार्ड आजच मागा, नाही दिलं तर पोलीस ठाण्यात जा. उचल हे देणं आहे, ते फेडावंच लागेल. पण उचलीपोटी माणूस अडकवणं 1976 च्या वेठबिगारीविरोधी कायद्याने गुन्हा आहे. किती घेतले, किती फिटले, हे तुमच्या वहीतही लिहा, प्रत्येक वेळी त्याची सही घ्या.

2021 मध्ये तोंडी ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणून काढलं. आता केस करता येईल का? (विजापूर रोड)

तेव्हापासून काय करत होतात? रागावत नाही, पण कोर्टही हेच विचारणार. जुन्या कायद्यात अशा दाव्याला 3 वर्षं होती, नव्या संहितेत 2. ग्रॅच्युइटी आणि पीएफचं गणित वेगळं असतं, त्यात अजून काही हाती लागू शकेल. कुठला कायदा लागू, हे तारखेवर ठरतं, म्हणून कामाचा शेवटचा दिवस आठवून, शक्य तर पुराव्यासह, भेटा. फी परवडत नाही म्हणून थांबू नका: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बायकांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो.

येताना हजेरी कार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या, बँक पासबुक, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, असेल ते सगळं आणा. फक्त लॅमिनेशन करू नका. मागच्या आठवड्यात एका ताईंनी दोन हजेरी कार्डं पाठीला पाठ लावून लॅमिनेट करून आणली. जॉबरच्या सह्या मागच्या बाजूला होत्या.