पुढच्या गावात भेटू

"ताई, मी बुर्गोसला एका बाकावर बसलेय. हे कुठे आहेत मला माहीत नाही. माझा पासपोर्टसुद्धा ह्यांच्याच पिशवीत आहे."

मे महिना होता. पुण्यात रात्रीचे नऊ वाजले होते, म्हणजे स्पेनमध्ये संध्याकाळचे साडेपाच. निरोप ऐकला आणि लगेच फोन लावला. ती सुखरूप आहे ना, जवळ पाणी आहे ना, फोनला चार्जिंग किती उरलंय, एवढंच आधी विचारलं. अर्ध्या तासाने तिचे यजमान घामाघूम होऊन त्याच बाकापाशी आले. पालिकेची धर्मशाळा भरली होती, म्हणून ते दारोदार दोन खाटा शोधत फिरत होते. त्या शोधात त्यांनी दोनदा फोन करून पाहिला होता, पण तिचा लागला नव्हता. आणि ती समजून बसली होती की आपल्याला टाकून गेले.

हा अनुभव मी दोघांच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून लिहितेय. नावं देत नाही, दादा आणि वहिनी म्हणते. दादा बँकेतून निवृत्त झालेले, वहिनी पंचावन्नच्या, लग्नाला ३१ वर्षं झालेली. लिहायचं कारण असं की समुपदेशक म्हणून माझ्याकडे हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत सतत येतो. "आयुष्यभर नोकरी-मुलं-सासू-सासरे यात गेलं. आता निवांत दोघंच मोठ्या प्रवासाला निघालो, तर चार दिवसांत भांडणं. आम्हाला एकमेकांची सोबतच सहन होत नाही का? एवढी वर्षं आम्ही नुसती ओढली का?" कुणी हे हिमालयाच्या सहलीहून आल्यावर विचारतं, कुणी मुलाकडे अमेरिकेत तीन महिने राहून आल्यावर. दादा-वहिनींना हा प्रश्न पडला तो कामिनोच्या वाटेवर.

कामिनो म्हणजे स्पेनच्या वायव्य टोकाला असलेल्या सांतियागो दे कोंपोस्तेला या गावी, संत याकोबाच्या समाधीला जाणारी जुनी पायवाट. वाटा बऱ्याच आहेत. यांनी धरली ती सगळ्यांत गजबजलेली, फ्रान्सच्या हद्दीतल्या सेंट जाँ पिए द पोर गावातून निघून पिरेनीज डोंगर ओलांडणारी. एकूण सुमारे ७८० किलोमीटर. साधारण महिना-सव्वा महिना लागतो. पिवळे बाण बघत चालायचं, रात्री अल्बेर्गे म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत दुमजली खाटांवर झोपायचं आणि वाटेत शिक्के घेत जायचे. शिक्क्यांची ती घडीची पुस्तिका, क्रेदेन्सिआल, हाच तिथला खरा ओळखीचा कागद. लोक श्रद्धेने चालतात, दुःख विसरायला चालतात, काहीजण नुसतंच चालायचं म्हणून चालतात.

बुर्गोसपर्यंत त्यांचे २८५ किलोमीटर झाले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही व्हिडिओ कॉलवर बोललो. मी दोघांना वेगवेगळं बसवलं आणि एकच काम दिलं: चौथा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत तासातासाने सांगा. तक्रार सांगायची नाही, फक्त काय झालं ते.

चौथा दिवस मीच निवडला, कारण वहिनींच्या बोलण्यात तो आदल्या रात्री चारदा आला होता. त्या दिवशी पाम्प्लोनाहून निघून आल्तो देल पेर्दोन नावाची खिंड चढायची असते. वर पत्र्यातून कापलेल्या यात्रेकरूंच्या आकृत्या वाऱ्यात उभ्या आहेत, फोटो काढायची सगळ्यांची जागा. पलीकडचा उतार मात्र सुट्या गोट्यांचा, पाय ठेवला की दगड सरकतो. वहिनींचा डावा गुडघा दुखायला लागला होता. त्या एकेक पाऊल चाचपत उतरल्या. खाली उतेर्गा गावात दादा कॉफी पिऊन, पाय पसरून बसले होते. वहिनी दिसल्या तशी त्यांनी पिशवी पाठीवर चढवली, उभे राहिले आणि म्हणाले, "चला."

"मी बूटसुद्धा काढला नव्हता, ताई," वहिनी म्हणाल्या. "रोज हेच. मी पोचते आणि हे उठतात."

दादांच्या दिवसात हा प्रसंग होता, पण तो असा: "उतेर्ग्याला तिच्यासाठी थांबलो. चांगला अर्धा तास थांबलो."

दोघंही खरं बोलत होते. दादा बँकेतले, म्हणून मी त्यांच्यापुढे कागदावर हिशोब मांडला. तुमचा वेग ताशी ५ किलोमीटर, वहिनींचा साडेतीन. पाच किलोमीटरवर गाव आहे असं धरा. तुम्हाला तिथे पोचायला ६० मिनिटं, त्यांना ८६. म्हणजे तुम्ही २६ मिनिटं बसता. त्या आल्या की तुम्ही निघता, म्हणजे त्या शून्य मिनिटं बसतात. वीस किलोमीटरच्या दिवसात अशी चार गावं आली तर तुमची शंभराहून जास्त मिनिटं विश्रांती होते. त्यांची किती?

दादा कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी तर समजत होतो, मी तिच्यासाठी थांबतोय."

वेगात फरक असलेली दोन माणसं एकत्र चालली की हे होतंच. जो पुढे असतो त्याला वाटतं आपण सारखं थांबतोय, म्हणजे त्याग करतोय. जो मागे असतो त्याला कुणी थांबलंय असं कधी जाणवतच नाही, कारण तो पोचतो तोच निघायची वेळ झालेली असते. संसारातही मी हे पुष्कळ पाहिलंय. एकाचं निवृत्तीनंतरचं आयुष्य सुरू होऊन वर्ष झालेलं असतं, दुसरीच्या स्वयंपाकघराला निवृत्ती नसते; आणि तो म्हणतो, "मी तुझ्यासाठीच थांबलोय, चल ना कुठेतरी."

पण अर्धी गोष्ट अजून बाकी होती. दादा पळत का होते? तिथल्या पालिकेच्या आणि सरकारी धर्मशाळांत सहसा आधी खाट राखून ठेवता येत नाही. आधी येईल त्याला खाट. मागून बायको येतेय म्हणून दुसरी खाट धरून ठेवतीलच असं नाही. पाम्प्लोनाच्या आधीच एकदा यांना जागा मिळाली नव्हती, आणखी सहा किलोमीटर चालावं लागलं होतं. त्या रात्री वहिनी पाय धरून रडल्या. दादांनी मनाशी ठरवलं, ही वेळ पुन्हा येऊ द्यायची नाही. तेव्हापासून ते पहाटे उठून सुसाट सुटायचे. हे त्यांनी बायकोला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. आणि वहिनींनी गुडघ्याचं सांगितलं नव्हतं, गोळी घ्यायच्या, तीही दादा पुढे गेल्यावर, कारण "यांनी एवढा खर्च केलाय, माझ्यापायी परत फिरायला नको."

इथे माझी चूक सांगायलाच हवी. जायच्या आधी दोघं माझ्याकडे दोन-तीनदा आले होते आणि मीच म्हटलं होतं, "रोज बरोबर चाला, हा तुमचा दोघांचा वेळ आहे." ऐकायला गोड सल्ला. पण महिनाभर, रोज सहा-सात तास, दोन वेगळ्या वयाच्या, वेगळ्या उंचीच्या शरीरांनी एकाच वेगाने चालायचं हे मागणंच चुकीचं होतं. तो सल्ला त्यांनी पाळायचा प्रयत्न केला, जमला नाही, आणि जमला नाही याचा अर्थ नातं बिघडलं असा दोघांनी लावला. आता मी तो सल्ला कुणालाही देत नाही.

वाट दाखवली ती वहिनींनीच. त्या सासूबाईंबरोबर चार वर्षं माउलींच्या पालखीत पुणे ते सासवड चालल्या होत्या. म्हणाल्या, "दिवे घाटात मी किती मागे राहायचे! सासूबाई टाळ वाजवत कुठल्या कुठे पुढे. पण कधी टाकून गेल्यासारखं वाटलं नाही. मुक्काम माहीत असायचा ना. दिंडीचा तंबू कुठे पडणार ते ठाऊक असायचं."

मी म्हटलं, मग इथेही मुक्काम ठरवा. आणि नुसता रात्रीचा नाही, दुपारचाही.

सगळ्यांत आधी पासपोर्ट, थोडे युरो, क्रेदेन्सिआल आणि विम्याचा कागद ज्याचा त्याने आपल्या पिशवीत ठेवायचा, हे त्याच दिवशी करायला लावलं. बायकोची कागदपत्रं नवऱ्याच्या पाऊचमध्ये हा आपल्याकडचा सर्रास रिवाज आहे. परक्या देशात तो धोक्याचा आहे, इथे मी हट्टाने बोलले. गुडघा हे माझं काम नव्हे. बुर्गोसलाच डॉक्टरांना दाखवलं, दोन दिवस मुक्काम वाढला, चालायच्या काठ्या घेतल्या. खाटेची धावपळ थांबावी म्हणून पुढच्या गावांतल्या खाजगी अल्बेर्गेत फोन करून जागा राखायला लागले. आणि एक नियम केला: कुठेही भेटल्यावर मागून येणाऱ्याने बूट काढून बसायचं, आणि "चला" म्हणायचा हक्क फक्त त्याचा.

वहिनींची पिशवी गाडीने पुढच्या गावी पाठवायची सोय त्या वाटेवर रोज मिळते, थोड्या युरोंत. याला मात्र दादांनी साफ नकार दिला. "ओझं पाठीवर नसेल तर ती यात्रा कसली?" मी विचारलं, ओझं कोणाच्या पाठीवर आहे? गप्प झाले, पण पटलं नाही. दोन दिवसांनी वहिनींनी न विचारताच स्वतःची पिशवी पाठवून दिली. यावर जरा धुसफूस झाली, मग तीही मावळली. सगळ्या गोष्टी दोघांना पटूनच व्हायला हव्यात असं मला वाटत नाही.

बुर्गोसच्या पुढे मेसेता लागतं, गव्हाच्या शेतांचं सपाट पठार, लेओन शहरापर्यंत. बरेचजण कंटाळून तो टप्पा बसने गाळतात. यांनीही बसचा विचार केला होता. यात्रा पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्राला शेवटचे १०० किलोमीटर पायी चालणं पुरतं, त्यामुळे तसं काही बिघडलं नसतं. पण वहिनीच म्हणाल्या, चालून बघू.

तिथे कार्रियोन दे लोस कोंदेस सोडलं की पुढचं गाव १७ किलोमीटरवर. मध्ये वस्ती नाही, सावली जवळपास नाही, सरळ खडीचा रस्ता. मध्ये भेटायला गावच नाही म्हटल्यावर माझा नियम तिथे निरुपयोगी होता. त्यांनी स्वतःच दुसरं काही ठरवलं: वहिनी साडेसहाला निघतील, दादा तासाभराने.

त्या रात्री दादांचा फोन आला. एकट्यांचा, पहिल्यांदाच.

"ताई, अकरा-बारा किलोमीटरवर गाठली मी तिला. पण त्याआधी कितीतरी वेळ ती दिसत होती. रस्ता सरळ ना. आधी नुसता ठिपका, मग लाल टोपी, मग काठ्या. ती डावा पाय तिरका टाकते हो. टाच आधी टेकत नाही, बाजू टेकते. मला माहीतच नव्हतं."

मी काही बोलले नाही.

"मी नेहमी पुढेच असायचो ना," ते म्हणाले. "तिला चालताना मी कधी मागून बघितलंच नव्हतं."

ते तिला ओलांडून गेले नाहीत. पाच-सहा किलोमीटर तिच्या मागेमागेच चालले, आणि ती वळून म्हणाली, "अहो, जा ना पुढे, माझ्यामुळे कशाला रखडता?" त्यांनी सांगितलं, "बरं वाटतंय इथे."

पुढे सगळं गोड झालं असं नाही. लेओनमध्ये एक मोठं भांडण झालं, ते पैशांवरून. सांतियागो ज्या प्रांतात आहे त्या गॅलिसियातल्या पावसात दोन दिवस अबोला होता. पण "टाकून गेले" हा शब्द वहिनींच्या तोंडून परत आला नाही.

हा प्रश्न घेऊन जे मला लिहितात त्यांच्यासाठी एक फरक स्पष्ट करते. पुढे-मागे चालण्यात, दुपार वेगवेगळी घालवण्यात, एकाने संग्रहालय बघावं आणि दुसऱ्याने बाकावर बसावं यात नातं तुटत नाही. भेटायची जागा आणि वेळ दोघांना माहीत हवी, एवढं बघा. पण जोडीदार राग आला की मुद्दाम फोन बंद करत असेल, पैसे आणि पासपोर्ट स्वतःकडे ठेवून तुम्हाला अनोळखी जागी सोडत असेल, किंवा तो पुढे गेल्याचं दुःख होण्याऐवजी तो परत येईल याची भीती वाटत असेल, तर तो वेगाचा प्रश्न नाही. तिथे हिशोबाचा कागद आणि दुपारचा मुक्काम कामाला येत नाही. असं असेल तर प्रवास संपायची वाट बघू नका, घरच्या कुणाला तरी त्याच दिवशी सांगा, आणि आल्यावर एकट्याने या, जोडीने नको.

जुलैमध्ये दोघं भेटायला आले. वहिनींनी टेबलावर दोन क्रेदेन्सिआल उलगडून ठेवली, घड्यांवर मळलेली. शेवटच्या शंभर किलोमीटरांत रोज निदान दोन शिक्के घ्यावे लागतात. हा शेवटचा टप्पा जिथून धरतात त्या सार्रिया गावाच्या पुढचे रकाने मी शेजारी शेजारी पाहिले: रात्रीचा शिक्का दोघांचा एकच, दुपारचा कधी एक, कधी वेगळा.

दादा वाकले आणि वहिनींच्या पुस्तिकेवरच्या एका निळ्या शिक्क्यावर बोट ठेवलं. "हा गं कुठला? माझ्याकडे नाही."

"तुम्ही पुढे गेला होतात," वहिनी म्हणाल्या, आणि खुर्ची जवळ ओढून सांगायला लागल्या.