शेवाळ खायला कोणाला आणायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: माशांचा अडीच फुटी टँक, साधारण ९० लिटर पाणी, सुरू करून पाच महिने झालेत. आत निऑन टेट्रा, गप्पी आणि दोन लहान एंजल. झाडांत अनुबियास आणि जावा फर्न. काचेवर घट्ट हिरवे ठिपके आलेत आणि अनुबियासच्या पानांच्या कडांना काळे झुपके धरलेत. दुकानदार म्हणतो, "दोन सकर टाका, सगळं साफ होईल." तर सकर घ्यावेत, श्रिम्प (छोटी कोळंबी) घ्यावेत की गोगलगायी?

आधी सकरचं बोलतो, कारण ती चूक मी केलेली आहे. आपल्याकडे 'सकर' म्हणून बोटाएवढं पिल्लू विकतात ते बहुतेक वेळा टेरिगोप्लिक्थिस जातीचं, म्हणजे कॉमन प्लेको असतं. मोकळी जागा मिळाली तर हा मासा दीड फुटाच्या आसपास जातो. माझ्या पहिल्या तीन फुटी टँकमध्ये मी असे दोन आणले होते. एक लवकर गेला. दुसरा तिसऱ्या वर्षी माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत आला. लहानपणी त्याने काच खरंच चाटूनपुसून ठेवली होती, पण मोठा झाल्यावर त्याला तळाला पडलेल्या पेलेट्सची (माशांच्या खाद्याच्या गोळ्यांची) चटक लागली आणि शेवाळाकडे तो ढुंकूनही बघेना. दिवसभर त्याच्या विष्ठेच्या लांब दोऱ्या वाळूवर पडायच्या, पाण्यातलं नायट्रेट (शेवाळाचं खतच ते) वाढायचं आणि त्यावर शेवाळ आणखी जोमाने यायचं. एका सकाळी एंजलच्या कुशीवर रुपयाएवढा कच्चा, सोललेला डाग दिसला. रात्री सकरने तिच्या अंगावरचा चिकट थर चाटून काढला होता. तो मासा परत घ्यायला कोणी दुकानदार तयार होईना. शेवटी सहा फुटी टँक असलेल्या एका ओळखीच्यांनी तो नेला, म्हणून सुटलो.

सगळ्यांना असे ओळखीचे भेटत नाहीत, आणि मग सकर नदीत, तळ्यात किंवा विहिरीत सोडला जातो. हे कळकळीने सांगतो, तसं कधीही करू नका. केरळ, तमिळनाडू, आंध्र आणि कोलकात्याजवळच्या पाणथळ जागांत हा मासा असाच पसरला आहे. तो काठाच्या मातीत बिळं करतो, त्याच्या काटेरी परांनी कोळ्यांची जाळी फाटतात, आणि हवा गिळून श्वास घेत असल्याने पाण्याबाहेरही तासन्तास तग धरतो. एकदा पाण्यात गेला की परत काढणं कोणाच्या हातात राहत नाही.

दुकानात दुसरा मासा दाखवतील तो सोनेरी-पिवळा, 'चायनीज अल्गी ईटर' नावाचा. नावात चीन असलं तरी तो थायलंड आणि मेकाँग खोऱ्याकडचा. पिल्लू असताना गोड दिसतो. मोठा झाला की शेवाळ जवळपास सोडतो आणि एंजलसारख्या चपट्या माशांच्या अंगाला चिकटायला लागतो. तुमच्या टँकमध्ये एंजल आहेत, म्हणून हाही नको.

आता मुख्य गोष्ट. आपण 'शेवाळ' या एका शब्दात पाच-सहा वेगळ्या गोष्टी कोंबतो, आणि प्रत्येकाला खाणारा प्राणी वेगळा आहे. नव्या टँकमध्ये काचेवर आणि वाळूवर जो तपकिरी, बोटाने सहज पुसला जाणारा थर येतो तो डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा. काही आठवड्यांत तो बहुधा आपोआप जातो, त्यासाठी कोणी आणायची गरज नाही. पाणीच हिरवं झालं असेल तर ते कुठलाच मासा किंवा श्रिम्प खात नाही. तिथे टँक दोन-तीन दिवस चादर टाकून काळोखात ठेवणं किंवा यूव्ही (अतिनील) दिवा लावणं हाच मार्ग. निळसर हिरवी, उग्र वासाची, सोलल्यासारखी निघणारी चादर म्हणजे सायनोबॅक्टेरिया. ते शेवाळच नव्हे, जिवाणू आहेत, आणि त्याला कोणी तोंड लावत नाही.

तुमच्याकडे दोन प्रकार आहेत. काचेवरचे घट्ट ठिपके म्हणजे ग्रीन स्पॉट. काळे झुपके म्हणजे ब्लॅक बिअर्ड, जे खरं तर लाल शेवाळांच्या कुळातलं आहे. या दोघांचा एक उपाय नाही.

ठिपक्यांवर नेराइट गोगलगायीसारखं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. तिची जीभ बारीक दातांच्या कानशीसारखी असते. रात्री दिवा बंद करून काचेवर तिरका टॉर्च मारा. ती गेली असेल तिथे हिरव्या थरात नागमोडी बारीक ओरखड्यांची पट्टी दिसते, जणू कोणी सुईने नक्षी काढत गेलंय. माशांना सुटत नाही ते ती खरवडते. गोड्या पाण्यात तिची पिल्लं होत नाहीत, म्हणून गोगलगायींनी टँक भरून जायची भीती नाही. मात्र ती काचेवर आणि लाकडावर तिळाएवढी पांढरी, टणक अंडी चिकटवते. ती उबत नाहीत, पण डोळ्यांना खुपतात. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडली की निघतात. टँकला झाकण हवंच, कारण नेराइट रात्री बाहेर चढून येते. आणि उताणी पडलेली दिसली तर हाताने सुलटी करा. सपाट वाळूवर तिला स्वतःहून वळणं अवघड जातं.

तुम्ही पुण्यात आहात आणि नळाचं पाणी वापरता असं लिहिलंय, म्हणून आणखी एक. धरणाचं हे पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं, मुंबईचंही तसंच. मऊ पाण्यात गोगलगायीच्या शंखाचं टोक हळूहळू पांढरं पडून खड्डे पडतात. त्यासाठी समुद्रफेनाचा एक तुकडा फिल्टरमध्ये ठेवा. काष्ठौषधींच्या दुकानात किंवा पक्ष्यांचं खाद्य विकणाऱ्यांकडे तो मिळतो. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना सहसा ही अडचण येत नाही. आणि कोकणात समुद्रकाठच्या खडकांवर ज्या नेराइट दिसतात त्या उचलून आणू नका. त्या खाऱ्या पाण्यातल्या, तुमच्या टँकमध्ये जगणार नाहीत.

आता काळे झुपके. ते खातो असा नावाजलेला मासा म्हणजे सयामीज अल्गी ईटर. तो ओळखायचा कसा, हे दुकानात जाण्याआधी पक्कं करून घ्या. खऱ्याची काळी पट्टी नाकापासून निघते ती शेपटीच्या पराच्या टोकापर्यंत जाते, आणि बाकीचे पर पारदर्शक असतात. पट्टी शेपटीच्या बुंध्याशीच थांबली तर ती गारा कुळातली दुसरी जात. परांना रंग आणि काळ्या-पांढऱ्या कडा असतील तर तो फ्लाइंग फॉक्स, जो मोठेपणी भांडकुदळ होतो. पण खरा मिळाला तरी तुम्हाला मी घ्या म्हणणार नाही. तो १२ ते १५ सेंटीमीटर होतो, सतत पोहतो, उड्या मारतो. अडीच फूट त्याला अपुरे आहेत. शिवाय वाढल्यावर तोही पेलेट्सला सोकावतो.

काळ्या झुपक्यांना आधी मारावं लागतं, मग ते खाणारे मिळतात. मी असं करतो: खराब झालेली अनुबियासची पानं देठापासून कापून टाकतो. लाकडावर किंवा दगडावर झुपके असतील तर ते बाहेर काढून ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावतो (औषधाच्या दुकानातलं बहुतेकदा ६ टक्के असतं, त्यात तेवढंच पाणी घालायचं), पाच मिनिटं ठेवतो आणि धुऊन परत टँकमध्ये ठेवतो. एक-दोन दिवसांत काळा रंग जाऊन झुपके गुलाबी-लालसर होतात. म्हणजे ते मेले. आधी ज्याकडे कोणी बघत नव्हतं त्यावर आता मॉली मासे आणि श्रिम्प तुटून पडतात.

श्रिम्पमध्ये अमानो सगळ्यात कामसू. जपानी छायाचित्रकार आणि झाडांच्या टँकचे कलाकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी १९८०च्या दशकात ते शेवाळासाठी वापरात आणले, म्हणून हे नाव. चार-पाच सेंटीमीटरचा, काचेसारखा पारदर्शक प्राणी. पुढच्या बारीक चिमट्यांनी तंतूसारखं शेवाळ ओढून तोंडात कोंबत बसलेला असतो, हात एक क्षण थांबत नाहीत. पाहत राहावं असं दृश्य आहे. याचीही पिल्लं गोड्या पाण्यात जगत नाहीत. लाल चेरी श्रिम्प स्वस्त आणि घरात सहज वाढणारे, पण तुमच्या एंजल त्यांना खाऊ म्हणूनच बघतील. अमानोसुद्धा एंजल लहान आहेत तोवरच निर्धास्त. एंजल मोठ्या झाल्या की निऑन टेट्राही गिळतात, तेव्हा त्यांचा विचार तुम्हाला वेगळा करावाच लागेल.

ओटोसिंक्लस, म्हणजे 'ओटो', या माशाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. जेमतेम चार-पाच सेंटीमीटरचा, अतिशय शांत, झाडांच्या पानांना धक्का न लावता पातळ थर खाणारा. मला तो सगळ्यांत प्रिय आहे, म्हणूनच घाई करू नका म्हणतो. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतून बहुतेक पकडूनच आणलेला असतो आणि प्रवासात उपाशी राहतो. मी पहिल्यांदा सहा आणले तेव्हा आदल्याच दिवशी टँक घासून लख्ख केला होता. पाहुण्यांसाठी घर आवरावं तसा. त्यांच्यासाठी खायला काही उरलंच नव्हतं. दहा दिवसांत चार मेले, पोटं खपाटीला जाऊन. पुढच्या वेळी मी महिनाभर आधी गॅलरीतल्या उन्हात बादलीभर पाण्यात गुळगुळीत गोटे ठेवले. हिरवे झाले की एक आत, एक बाहेर, असे फिरवत राहिलो. ते सहाही जगले. दुकानात घेताना मासा काचेला चिकटलेला असताना त्याचं पोट बघा. भरलेलं, गोलसर हवं. आत गेलेलं असेल तर कितीही वाईट वाटलं तरी घेऊ नका. आणि दुकानात येऊन आठवडाभर झालेला असेल तरच घ्या. पाच-सहांच्या खाली ठेवू नयेत.

ज्यांना 'सकर' हवाच आहे त्यांच्यासाठी ब्रिसलनोज हा लहान प्लेको. नराच्या नाकावर फांद्यांसारख्या मिशा येतात. १२ ते १५ सेंटीमीटरवर थांबतो, आणि माझ्या अनुभवात मोठेपणीही शेवाळ खातो. लाकूड कुरतडायची त्याला सवय असते, त्यामुळे टँकमध्ये ड्रिफ्टवूड (पाण्यात ठेवायचं लाकूड) हवं. तुमच्या टँकला एकच, दोन नर नकोत.

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. शेवाळ खाणारा उत्तम मासा आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतही आहे: गारा मुल्या. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग अभ्यासक कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचं वर्णन केलं तेव्हा इथल्या मराठी नावांवरून काही शास्त्रीय नावं ठेवली, 'मुल्या' त्यातलंच. धो-धो वाहत्या पाण्यात तोंडाखालच्या चकतीने खडकाला घट्ट धरून तो शेवाळ खरवडत असतो. पण त्याला जोराचा प्रवाह आणि प्राणवायूने भरलेलं गार पाणी लागतं. आपल्या एंजलच्या संथ, कोमट टँकमध्ये त्याचे हाल होतील. त्याला ओढ्यातच पाहावं.

तर तुमच्या टँकमध्ये मी क्रमाने काय करीन ते सांगतो. दिवा तुम्ही दहा-बारा तास लावता, तो टायमर लावून सहा-सात तासांवर आणा. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदा. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. दर आठवड्याला तीसेक टक्के पाणी बदला. काळी पानं कापा. दोन आठवडे हे केल्यावर तीन नेराइट आणा. त्यापेक्षा जास्त आणल्या तर ९० लिटरमध्ये पुढे त्यांना खायला पुरणार नाही. महिन्याभराने, काच थोडी तरी हिरवी राहत असेल तर, एकतर एक ब्रिसलनोज किंवा सहा ओटो. दोन्ही नकोत, एकाच ताटात ते जेवणार. एप्रिल-मे मध्ये मात्र ओटो किंवा अमानो आणू नका. पाणी तीस अंशांच्या वर जातं आणि नवे आलेले ते सोसत नाहीत. पावसाळा लागू द्या.

नेराइट किंवा श्रिम्प आत असताना माशांच्या आजाराचं औषध टाकायची वेळ आली तर बाटलीवर तांबं लिहिलंय का ते आधी वाचा. परजीवींवरच्या बऱ्याच औषधांत ते असतं आणि गोगलगायी, श्रिम्प त्याने मरतात. याच कारणाने घरी तांब्याच्या हंड्यात भरलेलं पाणी टँकमध्ये ओतू नका. आजारी मासा वेगळ्या बादलीत काढून औषध द्या.

आणि शेवाळ कमी झालं की या सगळ्यांना वरून खायला घाला. काकडीची किंवा दोडक्याची अर्ध्या सेंटीमीटरची चकती उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून गार करायची, स्टीलच्या काट्याला टोचून रात्री दिवा बंद झाल्यावर तळाला सोडायची. सकाळी उरलेलं काढून टाका, नाहीतर दुपारपर्यंत पाणी गढूळ होतं.