निर्वासिताला तिसऱ्या देशात (मायदेश आणि सध्याचा आश्रयदेश सोडून अन्य देशात) पुनर्वसनासाठी स्वतः अर्ज करता येतो का?
सहसा नाही, सध्या जिथे आश्रय घेतला आहे तिथे आधी सरकारकडे किंवा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाकडे नोंदणी करावी लागते, आणि मुलाखतींनंतर निकड पटली तर उच्चायुक्तालयच नाव पुढे पाठवते, अंतिम होकार मात्र स्वीकारणाऱ्या देशाचा असतो. छळातून वाचलेले, एकाकी मुले, गंभीर आजारी यांना प्राधान्य मिळते. जागा इतक्या कमी असतात की जगातील एक टक्क्याहूनही कमी निर्वासितांना ही संधी मिळते. उच्चायुक्तालय कोणत्याही टप्प्यावर शुल्क घेत नाही, म्हणून पैसे मागणारा दलाल फसवतो आहे असेच समजावे. आश्रयाची मागणी ही वेगळी बाब आहे: ती त्या देशात किंवा सीमेवर पोहोचून स्वतः करता येते, आणि निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारातील कलम ३३ नुसार जिवाला वा स्वातंत्र्याला धोका असेल तिथे निर्वासिताला परत धाडता येत नाही. पुनर्वसनासाठी उच्चायुक्तालयानेच नाव पाठवावे लागते याला अपवाद म्हणून कॅनडात खासगी प्रायोजकांमार्फतही पुनर्वसन होते.