फलकावर जे लिहिलेलं नसतं

प्रश्न : ताई, मी इंदूरला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मार्केटिंगचा विषय सुरू झाल्यापासून घराबाहेर पडलं की मला जाहिरातीच दिसतात. भंवरकुआं चौकात दोन वेगवेगळ्या क्लासेसच्या फलकांवर एकाच मुलीचा हसरा फोटो, तीच रँक. दहा रुपयांचं शेवेचं पाकीट अजून दहालाच मिळतं, पण आतली शेव कमी झालीय. मोबाइलवर एक कुर्ता बघितला, तर ‘फक्त २ शिल्लक’; आठवड्याने बघितलं तरी दोनच. दिवाळीच्या सीझनला राजवाड्याजवळच्या एका साडीच्या दुकानात काम केलं. तिथले जुने सेल्समन काका आधी आठ हजारांची साडी उलगडायचे, मग तीन हजारांची. आठच्या नंतर तीन हजार स्वस्तच वाटायचे. काका माणूस म्हणून अतिशय सरळ. मग हे सगळं एकाच माळेत ओवायचं का? धाकट्या भावाला क्लास लावायचाय आणि आई त्या भंवरकुआंच्या फलकावर भाळली आहे, म्हणून विचारते.
— एक विद्यार्थिनी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : एका माळेत मुळीच ओवू नकोस. मी इंदुरातच एका छोट्या एजन्सीत बरीच वर्षं जाहिरातींचा मजकूर लिहिला. साड्या, शेव, शाळा, सगळ्याचा. त्या कामात मी एकच प्रश्न धरून राहिले : जे आपण लिहिलेलं नाही, ते गिऱ्हाइकाला कळलं असतं तर त्याने पैसे काढले असते का?

हा प्रश्न तुझ्या काकांना लावून बघ. दोन्ही साड्यांच्या किमती समोर आहेत, पोत हाताला कळतोय, आवडली नाही तर उठून शेजारच्या दुकानात जाता येतं. नजर मोठ्या आकड्यावर रुळवणं हे विक्रीचं कसब आहे. लपवलं काहीच नाही. तीच साडी कधीही सहा हजारांना विकलेली नसताना चिठ्ठीवर सहा हजार खोडून तीन हजार लिहिले असते, तर मात्र मी त्याला फसवणूक म्हटलं असतं.

शेवेच्या पाकिटावर वजन छापलेलं असतं, म्हणून कायद्याने ते चुकत नाही. पण वजन वाचतं कोण? आता छापील किमतीजवळ ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पडतं तेही छापावं लागतं. तो बारीक आकडा बघायची सवय लाव. लहान आणि मोठ्या पाकिटातला फरक लगेच कळेल. घरच्यासाठी तर इंदुरात नमकीनच्या दुकानातून समोर तोलून घ्यावी, हे माझं स्पष्ट मत.

‘फक्त २ शिल्लक’ खोटं असेल, तर ते नियमाविरुद्ध आहे. ग्राहकाला जाळ्यात ओढणाऱ्या अशा १३ ऑनलाइन युक्त्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला बंदी घातली. खोटी घाई, न विचारता टोपलीत घातलेली वस्तू, पैसे भरायच्या वेळी उगवणारे जादा आकार, ‘नको, मला बचत करायची नाही’ असं म्हणायला लावून लाजवणारं बटण, हे सगळं त्यात येतं.

आता तो फलक. मला खरी चीड याची येते, कारण इथे कुर्त्याचे पैसे जात नाहीत, घरातल्या पोराची दोन-तीन वर्षं आणि आईबापांची पुंजी जाते. एकच मुलगी दोन फलकांवर कशी? दोन्ही क्लासेस तांत्रिकदृष्ट्या खरंही बोलत असतील. एकाकडे तिने फक्त सराव परीक्षा दिल्या असतील, दुसऱ्याकडे मुलाखतीचं फुकट मार्गदर्शन घेतलं असेल. यूपीएससीच्या जाहिरातींमध्ये प्राधिकरणाला हेच आढळलं होतं : यशस्वी म्हणून मिरवलेल्या अनेकांनी पूर्व आणि मुख्य परीक्षा आपल्या बळावर पार केल्या होत्या आणि क्लासकडून घेतलं होतं ते फक्त मुलाखतीचं मार्गदर्शन. फलकावर शेजारी जाहिरात मात्र दोन वर्षांच्या महागड्या फाउंडेशन कोर्सची. फलक वाचणारी आई तो फोटो आणि तो कोर्स आपोआप जोडते. जोडायची जबाबदारी तिच्यावर टाकून क्लास मोकळा होतो.

म्हणूनच नोव्हेंबर २०२४मध्ये खास कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियम आले. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव, रँक, त्याने कोणता कोर्स केला, किती काळ केला, पैसे भरून केला की फुकट, हे सगळं जाहिरातीत सांगावं लागतं. फोटो वापरायला निकालानंतर त्याची लेखी संमती लागते. प्रवेशाच्या वेळीच फॉर्मवर सही घेऊन ठेवणं चालत नाही. निवडीची हमी देता येत नाही. ‘शेवटच्या काही जागा’ अशी खोटी घाईही करता येत नाही. खुलासा असेल तर तो दाव्याच्याच आकाराच्या अक्षरात हवा, तळाशी मुंगीएवढा नको.

तेव्हा आईला घेऊनच क्लासमध्ये जा आणि तिच्या देखत विचार : या मुलीने इथे नेमका कोणता कोर्स केला, किती महिने? माझ्या भावाला तुम्ही जो कोर्स देताय, त्यात गेल्या वर्षी किती मुलं होती आणि त्यातली किती निवडली गेली? हा दुसरा प्रश्न फार मोलाचा, कारण निवडलेले पाच चेहरे दिसतात, त्यामागची शेकडो मुलं कुठल्याच फलकावर नसतात. ‘मॅडम, आज फी भरली तर सूट’ असं काउंटरवरून आलं, तर त्या दिवशी पैसे देऊ नका. मध्येच क्लास सोडला तर किती फी परत मिळेल, ते पावतीवर लिहून घ्या. आणि संपूर्ण वर्षाची फी एकदम भरायचा आग्रह झाला, तर हप्ते मागा.

फलकाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेव. फलकावर लिहिलेलं आणि काउंटरवर सांगितलेलं यांत तफावत निघाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते. फोन फुकट आहे.