घरातलं .३२ आणि मुलाचं रिव्हॉल्व्हरवेड

प्रश्न : नमस्कार मॅडम. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. मुलगा सतरा वर्षांचा, बारावी सायन्सला. वर्षभर झालं, मोबाइलवर रिव्हॉल्व्हरच्या स्पर्धा बघतोय. पळत पळत गोळ्या मारायच्या, मधेच भरायच्या, घड्याळ चालूच. मला ती नुसती ठोऽठोऽ वाटते, पण तो 'मला हेच करायचंय' म्हणतो. व्हिडिओ थांबवून थांबवून, चाप ओढल्यावर चकरी (गोळ्या भरायचा फिरता भाग) कशी फिरते त्याचं चित्रही वहीत काढलंय. माझ्याकडे धंद्यातल्या रोकडीसाठी घेतलेलं परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे. त्याच्यावर सराव दिला तर चालेल का? आणि यात पुढे काही आहे का? त्याची आई म्हणते, डिप्लोमाला घाला आणि विषय मिटवा.
(पत्राच्या तळाला मुलाच्या अक्षरात, वेगळ्या शाईत : 'मॅडम, सहा गोळ्यांचं घ्यावं की आठचं?')

उत्तर : नमस्कार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे : नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यानं २१ वर्षांखालच्यांना बंदुकीपासून लांब ठेवलंय. रेंजवरच्या नेमबाजी सरावासाठी वेगळी सोय आहे, पण ती तुमच्या कपाटातल्या स्वसंरक्षणाच्या शस्त्राला लागू होत नाही. परवाना तुमच्या नावावर आहे, घराच्या नावावर नाही. 'शेतात नेऊन चार गोळ्या मारू दे' असं कुणी भावकीतलं सुचवलं, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. निष्काळजीपणानं गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर २०१९च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. शिवाय शस्त्र कुलपात असू दे आणि किल्ली तुमच्याच खिशात. पोरगं गुणी आहे, म्हणूनच हे सांगते.

आता तो बघतो काय, ते तुम्ही समजून घ्या. 'नुसती ठोऽठोऽ' असं तुम्ही लिहिलंय, पण प्रकरण तेवढं सोपं नाही.

या खेळाला प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, १९७६ साली अमेरिकेत स्थापन झाली. लक्ष्याचे ए, सी, डी असे भाग असतात. कमी ताकदीच्या काडतुसाला त्यांचे गुण ५, ३, १ आणि जास्त ताकदीच्याला ५, ४, २. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. समजा चार लक्ष्यं, प्रत्येकावर दोन गोळ्या. एकानं कमी ताकदीच्या काडतुसानं आठही 'ए'मध्ये मारल्या, ४० गुण, वेळ आठ सेकंद : भागाकार ५. दुसऱ्यानं पाच 'ए' आणि तीन 'सी' मारल्या, ३४ गुण, पण सहा सेकंदांत : भागाकार ५.६७. दुसरा पुढे. म्हणजे किती अचूक राहायचं आणि किती घाई करायची याचा हिशोब डोक्यात सतत चालू. लेथवर फीड वाढवला की फिनिश बिघडतं, कमी केला की दिवस जातो. तुम्हाला हा हिशोब मी काय सांगायचा!

यात रिव्हॉल्व्हरवाल्याची पंचाईत जास्त. पिस्तूलवाला एका मॅगझिनवर पंधरा गोळ्या मारतो. मोठ्या फेरीत ३२ गोळ्या लागतात. सहाच्या चकरीला त्यात निदान पाच वेळा भरावं लागतं, आठच्या चकरीला तीन वेळा, तेही एकही गोळी वाया गेली नाही तर. म्हणून हे लोक धावण्याआधी मैदान चालून बघतात : कुठल्या कोपऱ्यावर किती लक्ष्यं, कुठल्या दोन पावलांत चकरी उघडायची. भरायला मून क्लिप असते, पत्र्याची चकती, तिच्यात सगळी काडतुसं एकत्र अडकवलेली. ती जराशी वाकली तरी चकरी अडते, त्यामुळे जाणकार प्रत्येक क्लिप आधी फिरवून तपासतात. एक सोयही आहे. काडतूस फुसकं निघालं तर पिस्तूलवाल्याला स्लाइड ओढून ते बाहेर काढावं लागतं. इथे चाप पुन्हा दाबला की पुढचं घर समोर हजर. जेरी मिक्युलेक नावाच्या अमेरिकन नेमबाजानं १९९९मध्ये सहा गोळ्या मारून, पुन्हा भरून, आणखी सहा मारायला एकूण २.९९ सेकंद घेतले होते. तुमच्या मुलानं हे शंभरदा पाहिलं असणार, विचारा त्याला.

आणि आता तुमचं .३२. या खेळात काडतुसाची ताकद मोजतात : गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेग फूट प्रति सेकंद, भागिले हजार. किमान सव्वाशेच्या आसपास लागतात. आपल्याकडच्या .३२ची गोळी साधारण ९८ ग्रेनची, वेग सातशेच्या आसपास. गुणाकार केला की ६९ येतात. म्हणजे घरातलं शस्त्र त्या स्पर्धेच्या दारातच अडतं. मोठ्या काडतुसाचं घ्यावं म्हटलं, तर ९ मिलिमीटर, .३८, .४५ हे बोअर (नळीची मापं) आपल्या देशात सामान्य नागरिकाला प्रतिबंधित आहेत. ऑलिंपिक आणि आशियाई स्पर्धांत हा खेळ नाही. आणि नोकरी, सवलत, अनुदान हे सगळं मान्यताप्राप्त क्रीडाप्रकारांच्या मागून येतं. इथे बसून फक्त यावर पोट भरेल असं मी म्हणणार नाही.

पण रिव्हॉल्व्हरची गोष्ट इथे संपत नाही. २५ मीटर सेंटरफायर पिस्तूल नावाचा आंतरराष्ट्रीय प्रकार आहे. त्यात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर व्यासाचं शस्त्र चालतं, रिव्हॉल्व्हरसुद्धा चालतं, आणि जगभरच्या नेमबाजांचं तिथलं आवडतं काडतूस म्हणजे हेच .३२! तुमचं तीन इंची नळीचं नव्हे, लांब नळीचं आणि नीट जुळवता येणाऱ्या माशीचं (नेम धरायच्या खुणेचं) शस्त्र लागेल, पण वाट आहे. जसपाल राणा यांनी २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत याच प्रकारात ५९० गुणांसह विश्वविक्रमाची बरोबरी करून सुवर्ण घेतलं होतं. वेगाचीच हौस असेल तर २५ मीटर रॅपिड फायर आहे : पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या, आधी आठ सेकंदांत, मग सहा, मग चार. हा ऑलिंपिकमधला प्रकार आहे. विजय कुमार यांनी २०१२ साली लंडनला त्यात रौप्य जिंकलं.

मात्र सुरुवात दहा मीटर एअर पिस्तूलपासून. २० ज्यूलच्या आतल्या, ४.५ मिलिमीटर छर्ऱ्याच्या एअरगनला परवाना लागत नाही. चाप हळुवार, नेम न हलता, श्वास सांभाळून ओढायला तिथेच शिकतात. दुधाळीच्या रेंजवर जा. लगेच पिस्तूल विकत घेऊ नका, स्पर्धेचं आयात पिस्तूल लाखाच्या पुढे जातं. पहिले सहा महिने तिथलंच वापरू द्या. आपल्या गावाला नेमबाजी नवीन नाही. तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिचला विश्वविजेती झाली. राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण घेतलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ४५१.४ गुणांनी कांस्य आणलं, आणि तेव्हा तो रेल्वेत तिकीट तपासनीस होता. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस दलातही नेमबाजीच्या स्पर्धा होतात, तिथे पिस्तूल-रिव्हॉल्व्हर हातात घेणं नोकरीचाच भाग असतो.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्ही सहज लिहिलंय की मुलानं व्हिडिओ थांबवून थांबवून चाप ओढल्यावर चकरी कशी फिरते त्याचं चित्र वहीत काढलंय, चकरी ढकलणारा 'हात' आणि दातेरी चाकासकट. मला वाटतं, तुमच्या मुलाचं खरं वेड गोळी मारण्यात जितकं आहे, तितकंच त्या यंत्रात आहे. म्हणून त्याच्या आईचं डिप्लोमाचं मत मी खोडून काढत नाही, फक्त 'विषय मिटवा' हे खोडते. मेकॅनिकल शिकू द्या. पुढे कानपूरचे शस्त्र कारखाने, खासगी उत्पादक, सैन्यातलं शस्त्रदुरुस्तीचं काम, न्यायसहायक प्रयोगशाळेतला बॅलिस्टिक्स म्हणजे शस्त्रं-गोळ्या तपासणारा विभाग (त्याला मात्र विज्ञानाची पदवी) असे रस्ते फुटतात. एक अट : वर्कशॉपमध्ये 'नमुना' म्हणून शस्त्राचा एकही सुटा भाग बनवायचा नाही. विनापरवाना शस्त्रनिर्मिती हा फार मोठा गुन्हा आहे, आणि उद्यमनगरातल्या हातांना जमतं म्हणूनच बजावते. चित्रं हवी तितकी काढू दे.

आता तुझा तळाचा प्रश्न, बाळा. आठचं. चार लक्ष्यांवर दोन-दोन बरोबर बसतात. पण अमेरिकी स्पर्धांत आठ गोळ्या मारणाऱ्याला कमी ताकदीचेच गुण मिळतात, म्हणजे 'सी'ला तीन; सहावाल्याला मोठं काडतूस असेल तर चार. शिवाय आठांतली एक जरी चुकली तरी भरायला लागणार. तेव्हा 'ए'मध्ये बसत असतील तरच आठचं. तुझ्या एकविसाव्या वाढदिवसाला अजून चार वर्षं आहेत. तोवर एअर पिस्तूलचं स्कोअरकार्ड दर तीन महिन्यांनी मला पाठव, आणि त्या वहीतल्या चित्राचा एक फोटोही.