पदवी हुकली, उपाधी चिकटली

प्रश्न : अफगाणिस्तानच्या गुलबुद्दीन हेकमतयार यांना 'इंजिनिअर' म्हणतात. ते खरंच इंजिनिअर आहेत का? आणि पंतप्रधान असताना त्यांनी स्वतःच्याच राजधानीवर रॉकेटं डागली, ही गोष्ट खरी की तिखटमीठ लावलेली? – एक वाचक, मिरज

उत्तर : इंजिनिअर नाही, रॉकेटं मात्र खरी. (आदरार्थी बहुवचन इथे माझ्या लेखणीला जमत नाही, माफ करा.) काबूल विद्यापीठात तो इंजिनिअरिंगला होता, पण 1972 मध्ये एका माओवादी विद्यार्थ्याच्या खुनाच्या प्रकरणात तुरुंगात गेला आणि पुढे पाकिस्तानात पळाला. शिक्षण राहिलं ते राहिलंच. सोव्हिएत फौजांविरुद्धच्या युद्धात अमेरिकेचा आणि सौदीचा पैसा आयएसआयच्या हातून वाटला जाई, त्यातला मोठा घास त्याच्या हिज्ब-ए-इस्लामी या संघटनेला. तरी 1985 मध्ये अमेरिकेत जाऊन त्यानं रेगनना भेटायचं नाकारलं!

रॉकेटांच्या बातम्या मी स्वतः लावल्यात. ऑगस्ट 1992, माझी रात्रपाळी. टेलिप्रिंटरवर काबूलचा कागद सरकत यायचा, दर वेळी मृतांचा आकडा वाढलेला, आणि पान सोडा म्हणून खालून छपाईवाल्यांची ओरड. त्या महिन्यात हजारावर माणसं मेली. हेकमतयारची मागणी काय, तर उझबेक सेनानी दोस्तुमची फौज शहरातून काढा, ते कम्युनिस्टांचे जुने चाकर.

मार्च 1993 मध्ये इस्लामाबादेत समझोता झाला. रब्बानी राष्ट्राध्यक्ष, हा पंतप्रधान. पण पंतप्रधान राजधानीत राहायला येईनात. मुक्काम शहराच्या दक्षिणेला चारआसियाबला, आपल्या तोफांपाशी. आणि 1 जानेवारी 1994 ला त्यानं काबूलवर पुन्हा हल्ला चढवला, तो कुणाला जोडीला घेऊन? त्याच दोस्तुमला. मला वाटलं एजन्सीनं नावांत घोळ घातलाय. दुसऱ्या एजन्सीची तार येईपर्यंत मी ती बातमी अडवून धरली आणि बोलणी खाल्ली.

पुढचं भराभर सांगतो. 1995 मध्ये तालिबाननं चारआसियाब घेतलं. 1996 मध्ये तीनेक महिने पुन्हा पंतप्रधानपद, मग इराणात आसरा. 2003 मध्ये अमेरिकेनं दहशतवादी ठरवलं, 2016 मध्ये काबूल सरकारनं त्याच्याशी करार केला. 2019 ची अध्यक्षीय निवडणूकही लढवली, तिसरा आला. 2021 मध्ये तालिबान परतले, तेव्हा अध्यक्ष देश सोडून गेले, हा काबूलातच राहिला.