लंडनचा विद्यार्थी तासभर उशिरा का येतो?

प्रश्न (दादर): आमच्या तबलावर्गाच्या वेबसाइटवर रविवारी संध्याकाळी 7.30चा ऑनलाइन वर्ग लंडनच्या मुलांसाठी साडेचार तास वजा करून दुपारी 3चा दाखवतो. ऑक्टोबर संपता संपता मुलं तासभर उशिरा येऊ लागली. समोरच्याचा टाइमझोन सर्व्हरला कळतो का?

उत्तर: आपणहून कळत नाही. पान मागवताना ब्राउझर भाषा कळवतो, टाइमझोन नाही. आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) अंदाज बांधता येतो, पण व्हीपीएन (जोडणी दुसऱ्या ठिकाणाहून वळवणारी सेवा) चालू असेल तर दादरचा माणूस सिंगापूरचा ठरतो. त्यापेक्षा ब्राउझरलाच विचारा. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेतल्या इंटल डॉट डेटटाइमफॉरमॅटच्या रिझॉल्व्हडऑप्शन्समध्ये टाइमझोनचं नाव मिळतं: लंडनला 'युरोप/लंडन', मुंबईत 'एशिया/कोलकाता'. काही ब्राउझर 'कॅलकटा' हे जुनं नाव देतात, तेही चालवून घ्या. नाव कुकीत (ब्राउझरने जपलेल्या छोट्या नोंदीत) ठेवलंत की पुढच्या भेटीपासून सर्व्हरलाही कळेल. परगावी गेलेल्यांसाठी झोन हाताने बदलायची सोय मात्र हवीच.

तुमची चूक साडेचार तासांचा आकडा साठवण्यात आहे. लंडनचं घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी तासभर पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. म्हणजे आपल्याशी फरक उन्हाळ्यात साडेचार तासांचा, हिवाळ्यात साडेपाचचा. न्यू जर्सीत हाच बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. हे सगळे नियम झोनच्या नावात सामावलेले असतात, आकड्यात नाहीत. जावास्क्रिप्टच्या गेटटाइमझोनऑफसेट या फंक्शनवर विसंबू नका, तेही त्या एका क्षणाचा फरकच सांगतं. शिवाय त्याचं चिन्ह उलटं असतं: मुंबईत उत्तर येतं उणे 330 मिनिटं.

डेटाबेसमध्ये 'रविवार, 19:30, एशिया/कोलकाता' एवढंच ठेवा. दर रविवारच्या तारखेसाठी त्याची यूटीसी (जगभराची प्रमाण) वेळ काढा (ती 14:00 येईल) आणि पाहणाऱ्याच्या झोनमध्ये दाखवा. हिवाळ्यात लंडनला आपसूक दुपारचे 2 दिसतील. शेजारी 'मुंबईची वेळ सायं. 7.30' असं लिहा. नुसतं आयएसटी (भारतीय प्रमाणवेळ) नको, आयर्लंड आणि इस्रायलमध्येही तीच अक्षरं चालतात. फी भरल्याची वेळ मात्र सरळ यूटीसीत नोंदवा, कारण घडून गेलेला क्षण बदलत नाही.

तपासायला लंडनला फोन लावायची गरज नाही. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये सेन्सर्स उघडून लंडन निवडा, पान पुन्हा लोड करा आणि जुलै व डिसेंबर दोन्ही महिन्यांतले वर्ग पाहा.

प्रश्न (मुलुंड): सदस्याची 15 ऑगस्ट ही जन्मतारीख न्यूयॉर्कमध्ये 14 दिसते. असं का?

उत्तर: '2010-08-15' अशी नुसती तारीख दिली की जावास्क्रिप्ट ती यूटीसीची मध्यरात्र धरतं. तेव्हा न्यूयॉर्कला आदल्या रात्रीचे 8 वाजलेले असतात. मुंबईत मात्र पहाटेचे साडेपाच आणि तारीख तीच, म्हणून इथे बसून ही चूक सापडतच नाही. जन्मतारखेला टाइमझोन नसतो. वर्ष, महिना, दिवस जसेच्या तसे मजकूर म्हणून साठवा आणि तसेच छापा, जावास्क्रिप्टच्या डेट ऑब्जेक्टमध्ये (तारीख-वेळ सांभाळणाऱ्या रचनेत) घालूच नका.